फक्कीच्या सात खुणा

"दिखस ते शे का, आनि शे ते दिखस का?"

समोर काहीही आलं की नाना आधी हे विचारत. जे दिसतं ते असतं का, आणि जे असतं ते दिसतं का. दुकानदारानं तूरडाळ ओंजळीत धरून दाखवली तरी हेच, आणि पुतण्यासाठी मुलीचा फोटो आला तरी हेच. फोटो आणणारा मध्यस्थ एकदा चिडून म्हणाला, "नाना, मग मुलगी खोदून बघता का?" नाना स्वतःच सगळ्यांत जास्त हसले.

नाना पाणाड्या होते. जमिनीखाली पाणी कुठे आहे ते नारळावर सांगत. तुम्हीही असा माणूस कुठल्यातरी शेतात पाहिला असेल. तळहातावर नारळ आडवा, शेंडी पुढे, आणि माणूस अनवाणी चालतोय. पाण्यावर आला की नारळ उभा राहतो. शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावात मी विज्ञान शिकवत होतो, नाना माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे. माझ्या घरामागची बोअर त्यांनीच दाखवली. सगळ्या गल्लीत आमच्याच परसात पाणी लागलं, आणि बायकोची वणवण थांबली. त्या दिवसापासून ती त्यांना भाकरी वाढल्याशिवाय जाऊ देत नसे.

मी त्यांच्याबरोबर पुष्कळ शेतांत हिंडलो आहे, म्हणून एक गोष्ट मला ठाऊक होती. नारळ पिशवीतून बाहेर येण्याआधी नाना तासभर नुसते चालत. उंबर कुठे आहे, वारूळ कुठे, चैत्रातही हरळी कुठे हिरवी राहिली आहे, जुन्या नाल्यानं वळण कुठे घेतलं असेल. चिमूटभर माती नाकाशी नेत. दुपारी गाई कुठे बसतात ते शेतकऱ्याला विचारत. मग नारळ काढत, आणि तो बहुतेक तिथेच उभा राहायचा जिथे त्यांची नजर आधी दोनदा जाऊन आलेली असायची. पाणी डोळे शोधत होते. नारळ फक्त सही करत होता. हे मला कळत होतं, त्यांना कळत नव्हतं.

एकदा मी सहावीला ग्लासातली पेन्सिल दाखवत होतो. पाण्यात ती वाकडी दिसते, काढली की सरळ. नाना वर्गाबाहेर ओट्यावर बसून ऐकत होते. तास संपल्यावर त्यांनी विचारलं, खरी पेन्सिल कोणती? मी म्हटलं, हात लावून बघा, सरळच लागते. त्यावर ते म्हणाले, हात खोटं सांगत नाही कशावरून? मग मी तीन भांडी मांडली, गरम, गार आणि कोमट. एक हात गरमात, एक गारात, मग दोन्ही कोमटात. तेच पाणी एका हाताला गार आणि दुसऱ्याला गरम लागलं. नाना ओले हात तसेच धरून बराच वेळ बसले.

आठवड्यानं ते घरी आले. भाकरी नको म्हणाले, तेव्हाच बायकोनं माझ्याकडे पाहिलं.

"गुरजी, नारय उठस का मी उठाडस?"

नारळ आपणहून उठतो, की मीच उठवतो. इतकी वर्षं जो प्रश्न त्यांनी डाळीला आणि फोटोला विचारला होता, तो आता स्वतःच्या तळहाताला विचारत होते. तपासून द्या, म्हणाले. खोटं निघालं तर मारुतीसमोर नारळ फोडीन आणि पुन्हा कुणाच्या शेतात पाय ठेवणार नाही. लोक माझ्या शब्दावर जमीन खोदतात, मला कळायला हवं.

मला सांगा, विज्ञानाची पदवी घेतलेल्या किती माणसांनी स्वतःला असं तपासायला दिलं असतं? मी तरी नाही.

शाळेच्या मैदानाखालून नुकताच पाण्याचा पाइप गेला होता. खोदकाम झालं तेव्हा नाना बहिणीकडे सुरतेला होते, आणि नंतर क्रीडास्पर्धांसाठी सगळ्या मैदानावर रोलर फिरला होता. पाइप कुठून जातो ते मला माहीत, त्यांना नाही. रविवारी सकाळी आम्ही दोघंच गेलो. मी माझा खांद्यावरचा पांढरा रुमाल त्यांच्या डोळ्यांवर बांधला. तीनदा गोल फिरवलं. नारळ हातात देताना ते म्हणाले,

"मना डोया बांधेल शेतस, गुरजी. तुमना उघडा शेतस. जे दिखी ते सांगा."

सात वेळा त्यांना आडवं चालवलं. नारळ सातही वेळा उठला. जिथे उठला तिथे मी फक्कीची, म्हणजे मैदान आखायच्या चुन्याची, चिमूट टाकली. सात खुणा. एकही पाइपावर नव्हती. सगळ्यांत जवळची आठ पावलं लांब.

नाना मैदानाच्या मधोमध उभे होते, तोंड किंचित वर केलेलं, नारळ छातीशी धरलेला. निकालाची वाट पाहणारी मुलं मी जन्मभर पाहिली. तसा चेहरा मात्र एकाचाही पाहिला नाही.

मी चपलेनं सातही खुणा पुसल्या. मग पाइपाच्या रेषेवर, हात-हातभर अंतरानं, सात नव्या चिमटी टाकल्या. त्यांचा हात धरून तिथे आणलं आणि रुमाल सोडला.

"बघा," मी म्हणालो, "पाइप इथूनच जातो."

नाना खाली बसले. एकेका खुणेला बोट लावलं. रडत होते.

मी त्यांना वाचवलं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. वाईट बातमी सांगणारा माणूस मला व्हायचं नव्हतं, एवढंच. वाचवायचंच होतं तर एक वाक्य पुरलं असतं: नाना, नारळ खोटा आहे, तुमचे डोळे खरे आहेत. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण ते सांगायचं तर त्याचा पहिला अर्धा भाग आधी बोलावा लागला असता.

रुमाल त्यांनी मागून घेतला. मला वाटलं, आठवण म्हणून.

पुढच्या बोलावण्याला ते डोळे बांधूनच शेतात उतरले. उंबर नाही, वारूळ नाही, मातीचा वास नाही. शेतकऱ्यानं विचारलं तर म्हणाले, "डोया फसाडतस. नारय फसाडत नही. गुरजींनी पाह्यं शे." माझं नाव ऐकून शेतकरी निर्धास्त झाला. बोअर कोरडी गेली. त्यानंतरची कोरडी, त्यानंतरचीही. एकीला थोडं पाणी लागलं आणि ते महिन्याभरात आटलं.

नानांनी नारळाला दोष दिला नाही. उपास धरले, विडी सोडली. चहाच्या टपरीवर लोक म्हणायचे, नाना, पट्टी काढून रस्ता ओलांडा, ट्रकवाल्याला नारळ दिसत नाही. मी तिथेच बाकावर असायचो. बशीतला चहा संपवून उठायचो. 'आंधळा पाणाड्या' हे नाव दोन गावं ओलांडून गेलं आणि बोलावणी थांबली. नाना, पट्टी काढा आणि पूर्वीसारखं बघा, असं सांगणारा गावात एकच माणूस असू शकत होता. त्यानं बदली मागून घेतली.

निवृत्तीनंतर मी जळगावला मेहरूणला घर केलं. एकदा एका लग्नाहून परतताना नरडाण्याच्या स्टेशनावर नाना भेटले. अंगात खाकी शर्ट, तिथल्याच एका कारखान्यावर वॉचमन होते. चांगलं शे, म्हणाले. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशव्या बघायच्या, दिसतं ते लिहायचं. बायकोची चौकशी केली, तिच्या भाकरीची आठवण काढली. गाडीचा आवाज आला तसा त्यांनी माझा दंड धरला.

"गुरजी, त्या दिन नारय पाइपवरच उठना व्हता ना?"

भर दुपार होती. फलाट मोकळा होता. गाडीला अजून दोन मिनिटं असतील.

"हो नाना," मी म्हणालो.

त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "मंग मनामाच खोट शे."

पहिलं खोटं मी घाबरून बोललो होतो. दुसऱ्याला तसलं काहीच कारण नव्हतं. मी डब्यात चढलो. खिडकीची जागाही मिळाली.

गेल्या चैत्रात त्यांची मुलगी पत्ता विचारत मेहरूणला आली. नाना गेले होते. तिनं पिशवीतून माझा रुमाल काढला, धुतलेला, चौघडी घातलेला. गुरुजींचा आहे, परत दे, असं सांगून गेले, म्हणाली. शेवटी शेवटी ते खाटेवरून तिला विचारत असत, माझ्याकडून काय पाप झालं असेल गं, की देवाची देणगी आली आणि निघून गेली?

मी तिला सगळं सांगितलं. पुसलेल्या सात खुणा, नव्या सात, फलाट. त्याआधी ते शेतात काय काय बघायचे तेही. माझं संपल्यावर तिनं रुमालाची घडी हातानं सारखी केली.

"मंजे पानी बाबास्ना डोयास्लेच दिखे."

"हो," मी म्हणालो.

ती उठली. बायकोनं चहा आणला होता, तो तसाच राहिला. मी रुमाल तिच्यापुढे धरला. वडिलांची वस्तू आहे, तू ठेव, असं काहीतरी म्हणालो. तिनं तो घेतला नाही.

"हाऊ रुमाल तुमनाच शे, गुरजी," दारात चपला घालता घालता ती म्हणाली. "तुमनाजोडेच ऱ्हाऊ द्या."