पदराचा बोळा

माझं माहेर उमरीजवळच्या खेड्यात आणि सासर शिरूर अनंतपाळकडे. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, म्हणून मी तिकडच्याच एका सरकारी दवाखान्यात गेले होते. आईला दाराबाहेर ठेवलं. आत टेबलावर मी एकदा ओरडले. तिथल्या बाईने मांडीवर चापट मारली आणि म्हणाली, "नवऱ्याजवळ जाताना ओरडली होतीस का?" पडद्यापलीकडे कुणीतरी हसलं. मी पदराचा बोळा करून तोंडात कोंबला आणि लेक होईपर्यंत काढला नाही. नंतर आई सांगत होती, दवाखान्यातल्या बायका म्हणतात, तुमची पोरगी लई शहाणी, तोंडातून आवाज नाही. मला तेव्हा ते बरं वाटलं होतं.

चापटीचं मी कुणाला सांगितलं नाही.

तीच लेक या वर्षी पहिलटकरीण म्हणून माझ्याकडे आली. सहाव्या महिन्यापासून मी तिला एकच शिकवलं. "आत गेल्यावर ओरडायचं न्हाई. दात दाबून धरायचे." ती मान डोलवून "हाव" म्हणायची.

कळा सुरू झाल्या त्या दुपारी तिला लातूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरने मला विचारलं, "मावशी, तुम्ही आई ना? चला, तिच्याजवळ बसा." मला वाटलं दुसऱ्या कुणाला म्हणते. मी चप्पल हातात घेऊन आत गेले.

सिस्टर लेकीजवळ आली. "तपासू का गं?"

"तपासा की बाई, इचारता काय," मी म्हणाले.

"तुम्हाला नाही मावशी. तिला विचारलं."

लेकीने मान हलवली. सिस्टरने तिच्या पायांवर चादर टाकली, मगच तपासलं. अजून वेळ आहे, कळा वाढल्या की सांगा, असं म्हणून ती पलीकडच्या टेबलावरच्या बाईकडे गेली.

कळा वाढल्या. लेकीचं तोंड उघडलं तसा मी माझ्या पदराचा बोळा तिच्या दातांत दिला. तिने गच्च धरला. पदर माझ्या खांद्यावरचा, त्यामुळे मला तिच्यावर वाकूनच उभं राहावं लागलं. तिचे डोळे माझ्याकडे होते. पलीकडची बाई मोठमोठ्याने ओरडत होती, म्हणून सिस्टर तिथेच होती. मी हाक मारली नाही. हाक मारायचं माझ्या मनातच आलं नाही.

सिस्टर सहज वळली आणि धावत आली. "अगं, डोकं दिसतंय! मावशी, तोंडात काय घातलंय?"

तिने बोळा ओढून काढला. मी तिच्या हाताकडेच बघत होते. तो हात आता लेकीवर उठेल की माझ्यावर, एवढंच मनात होतं.

हात लेकीच्या पाठीवर गेला. "मावशी, आवाजावरून कळतं आम्हाला, कुठवर आलंय ते. ओरड गं बाई, लाज कसली? सगळ्या लातूरला ऐकू जाऊ दे."

लेक ओरडली. असा तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. पलीकडची बाई म्हणाली, "आता कसं!" कुणी हसलं नाही. थोड्या वेळात नात झाली. बाळ लगेच रडलं नाही. सिस्टरने पाठ चोळली, मग रडलं. तेवढ्या वेळात मी काय केलं, ते मला आठवत नाही. पदराचं ओलं टोक हातात होतं, एवढं आठवतं.

वॉर्डात लेकीला चहा दिला. नात तिच्या कुशीत होती. तिने विचारलं, "आई, माझ्या येळंला तू किती ओरडलीस?"

"एकदा," मी म्हणाले.

"एकदाच? मग?"

मी सांगितलं. चापट, ते बोलणं, हसणं, सगळं. सांगताना मला रडू आलं नाही, काहीच आलं नाही. दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगितलं. लेकीने पेला माझ्या हातात दिला.

"उरलेला तू पी," ती म्हणाली.

मी प्याले. चहा गार झाला होता.