एका नळासाठी गटारी

तमाम मराठी बांधवांस कळविण्यास अतोनात दुःख होते की, क्वीन्सटाउनच्या कॉफीशॉपमधील कोपऱ्यातला बिअरचा नळ अत्यवस्थ आहे. कॉफीशॉपच्या मालकाने आशा सोडली आहे. भेटीस येणाऱ्यांनी हारफुले आणू नयेत, तहान आणावी.

हे निवेदन मी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, तेव्हा चांगी बिझनेस पार्कमध्ये एका मीटिंगला मान डोलावत बसलो होतो. पहिलं उत्तर बायकोचं आलं : "ग्रुपवर ज्येष्ठ मंडळी आहेत. काढ ते." दुसरं एका ज्येष्ठांचंच होतं : "कुठल्या एमआरटी स्टेशनला उतरायचं?"

आता पेशंटविषयी. आमच्या इमारतीखालच्या कॉफीशॉपात, भाताच्या आणि नूडल्सच्या स्टॉलांच्या मध्ये, एक चिनी अंकल स्वतः गाळलेली बिअर विकायचे. त्यांनी आयुष्यभर लोकांचे एसी दुरुस्त केले आणि उतारवयात साठलेला पैसा बिअरच्या टाक्यांमध्ये ओतला. मलाक्काचा काळा गूळ घालून ते एक तांबूस बिअर करायचे. गुळाचा वास आला की मराठी माणूस हळवा होतो, तसा मीही झालो. गेली काही वर्षं माझी शुक्रवारची संध्याकाळ त्या नळाच्या नावावर लिहिलेली होती.

असे नळ पूर्वी बरेच होते. बुकित पंजांगला एक जोडपं पांदानच्या सुवासिक पानांची हिरवट बिअर करायचं. तिथे आता बबल टी मिळतो. आणखी एक तरुण लिंबाची करायचा. त्याला एका मोठ्या कंपनीने विकत घेतलं. लेबल तेच राहिलं, चव मात्र सरकारी फॉर्मसारखी झाली. माल्ट परदेशातून येणार, कर भरायचा, आणि या उकाड्यात टाक्या रात्रंदिवस थंड ठेवायच्या. त्यातून मोठ्या कंपन्या कॉफीशॉपला फ्रिज देतात, पाटी देतात, ग्लास देतात आणि प्रेमाने सांगतात, की दुसऱ्याचा नळ नको.

आमच्या मालकालाही असा एक नवाकोरा फ्रिज देऊ केलेला होता. अंकल विनवण्या करून थकले, तेव्हा मालक म्हणाला, "ठीक आहे. रविवारी संध्याकाळी येऊन बसतो. कोण पितंय ते बघतो. मग ठरवू."

हे अंकलनी मला पडेल आवाजात सांगितलं. मी घरी येऊन स्वयंपाकघरातलं मराठी कॅलेंडर बघितलं आणि अंगावर काटा आला. रविवारी आषाढाचा शेवटचा दिवस, म्हणजे गटारी! तसाच चपला घालून खाली धावलो.

"अंकल, त्या दिवशी आमचा सण आहे."

"म्हणजे कोणी येणार नाही?" त्यांचा चेहरा आणखी पडला.

"उलट! दुसऱ्या दिवसापासून आमचा पवित्र महिना. दारू बंद, मटण बंद. म्हणून आदल्या दिवशी..."

"प्रार्थना करता?"

"जवळजवळ."

अंकलनी विचार केला. "आणि महिनाभर खरंच बंद? सगळ्यांचं?"

"सगळ्या पुरुषांचं. निदान एकमेकांसमोर."

"मग पुढचा महिना मी काय करू, ब्रदर?"

"अंकल, आधी रविवार."

दिग्दर्शन अर्थातच माझ्याकडे होतं. ग्रुपवरच्या कलाकारांना सूचना दिल्या : एकाच टेबलाभोवती कोंडाळं करायचं नाही. एक जग मागवून चार ग्लास मागायचे नाहीत. 'चव बघू का' म्हणून फुकट घोट मागायचा नाही. घरून डबा आणायचा नाही.

रविवारी सहा वाजता पडदा उघडला आणि पहिल्या पाच मिनिटांत चारही सूचनांचं पालन कोणीच केलं नाही. टेबलं जोडली गेली. चिवडा निघाला. माझा ऑडिटर मित्र, ज्याला मी 'सढळ हाताने मागव' असं बजावलं होतं, तो तिसऱ्यांदा चव बघत होता.

"अरे, विकत घे!" मी दातांतल्या दातांत म्हणालो.

"सॅम्पल तपासल्याशिवाय मी सही करत नाही," तो म्हणाला. पण एकदा सही केल्यावर मात्र त्याने मागे वळून पाहिलं नाही.

आणि मंडळी, काय सांगू! उद्यापासून बंद आहे म्हटल्यावर माणसाच्या घशात जी ओढ निर्माण होते, ती कुठल्याही जाहिरातीने होणार नाही. एक पिंप संपलं, अंकलनी दुसरं जोडलं. मोठ्या कंपनीची बिअर विकायला टेबलांमधून फिरणारी आंटी, अंगात कंपनीचा टी-शर्ट असूनही, आमचेच ग्लास पोचवायला लागली. आमच्या बायका लिंबूपाणी घेऊन शेजारच्या टेबलावर बसल्या होत्या. लक्ष ठेवायला.

"तुमचं नाटक छान चाललंय," बायको मला म्हणाली. "पण त्या बिचाऱ्यांना खरी आशा लावून ठेवू नकोस."

मी वळून पाहिलं. अंकल नळाच्या मागे उभे राहून प्रत्येक घोट घेणाऱ्याच्या तोंडाकडे बघत होते. लग्नात मुलीचा बाप पंगतीकडे बघतो, तसे. मला पहिल्यांदाच थोडं अपराधी वाटलं. मग कोणीतरी ग्लास भरून दिला.

मालक कोपऱ्यात कॉफी घेऊन बसला होता. शेवटी उठला, आमच्या टेबलाशी आला.

"मी वाईट माणूस नाही," तो म्हणाला. "फ्रिजवाल्यांना सांगतो, थांबा. याला एक महिना दिला. उद्यापासून. याच्या निम्मी गर्दी जरी दिसली, तरी नळ राहील."

अंकलनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. ते फडकं घेऊन आधीच पुसलेला नळ पुन्हा पुसू लागले.

आमच्यात मराठीत तातडीची बैठक सुरू झाली. "भाद्रपदापासून महिना धर म्हणावं," एक जण म्हणाला. "गणपतीत पिणार आहेस?" दुसऱ्याने हाणलं. मग ऑडिटर मित्राचे डोळे चमकले. "उत्तरेकडच्या पंचांगाने श्रावण पंधरा दिवसांपूर्वीच लागलाय. म्हणजे निम्मा संपला! आपण त्यांचं पंचांग धरू."

क्षणभर सगळ्यांचे चेहरे उजळले. मग बिअरच्या तिसऱ्या जगामागून एका ज्येष्ठांचा क्षीण आवाज आला, "म्हणजे आत्ता आपण श्रावणात प्यायलो?"

सगळ्यांनी ग्लास खाली ठेवले. एवढे शिकलेले, बँका चालवणारे, इथले पर्मनंट रेसिडेंट आणि सिटिझन झालेले पुरुष टेबलाकडे बघत बसले होते. मालक घड्याळ पाहत होता. तेवढ्यात शेजारच्या टेबलाची खुर्ची करकरली. माझी बायको, जिने उभ्या जन्मात बिअरचा दुसरा घोट घेतलेला नाही, ती उठून उभी राहिली आणि मालकाला एक अक्षर कळणार नाही याची पर्वा न करता, अख्ख्या कॉफीशॉपला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चालेल! एक महिना चालेल! हे पुरुष गेले खड्ड्यात, आम्ही बायका येतो!"