यातला चांगला देश कुठला?

आमच्या राज्यशास्त्र विभागात यंदा दर शुक्रवारी कॅनडा आणि जर्मनीतल्या लोकशाहीवर चर्चासत्र होतं आणि ते भरवायचं लोढणं माझ्या गळ्यात आहे. मुलुंडहून सत्तरीच्या एक काकू न चुकता येतात. नाव मी कधी विचारलं नाही. पहिल्या रांगेत बसून त्या पदराने चष्मा पुसतात आणि व्याख्यान संपायच्या आत हात वर करतात. प्रश्न ठरलेला. "पण या दोन देशांतला चांगला कुठला, ते सांगा ना!" वक्ता गडबडतो, मुलं हसतात, माझं डोकं फिरतं.

परवा दोन्हींकडच्या निवडणुकांवर व्याख्यान होतं. काकूंनी वक्त्याला पुन्हापुन्हा टोकलं. शेवटी चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं.

"काकू, इथे निकाल नाही लावत हो. तुम्हाला कशाला हवाय तो?"

"मुलगा कॅनडात, मुलगी जर्मनीत. दोघंही म्हणतात, घर विक आणि आमच्याकडे ये. मला ठरवायला नको?"

"मग इथेच राहा ना!" मी करवादलो.

त्यांनी कप खाली ठेवला. "असं म्हणणारे तुम्ही पहिलेच," म्हणाल्या, आणि छान हसल्या.

मी वैतागून बोललो होतो, हे त्यांना सांगायचा मला धीर झाला नाही.