आशा विल्सनला द्यायची!

दार अर्धवट उघडं ठेवून महत्त्वाचं बोलणाऱ्या माणसांना शिक्षा व्हायला हवी. नाव कोणाचं घेत नाही. पण माझ्या फजितीत निम्मा वाटा त्या दाराचा आहे, एवढं ध्यानात ठेवा आणि मग खुशाल हसा!

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आमचा आगमनकाळ. प्रभूची वाट बघायची, मनात आस धरायची. आता मला वाट बघायला सांगणं म्हणजे खंडाळ्याच्या उतारावर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकला थांब म्हणण्यासारखं! समाजशास्त्रात एम.ए. केलंय, जग बदलायची घाई आहे. फक्त एका बाबतीत तीन नाताळ गप्प बसलो होतो. आशाच्या.

आशा कान्हे गावच्या शाळेत शिकवते. तिची धाकटी बहीण प्रीती, कॉलेजात. आणि आमच्या चर्चमध्येच एक विल्सन आहे. उंच. गिटार वाजवतो. लोणावळ्याच्या वाऱ्यातही त्याचे केस विस्कटत नाहीत. अशा माणसावर विश्वास कसा ठेवायचा, सांगा!

तर पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी, सकाळी, मी फादरांच्या खोलीवरून चाललो होतो. आत फादर आणि गायनाचे मास्तर.

"मग आशा विल्सनलाच देऊ," फादर म्हणाले.

मी अर्धवट उघड्या दाराशीच थांबलो.

"आणि प्रीती?"

"ती शेवटी. आधी आशा. उद्याच उरकू, सगळ्यांसमोर."

"जराशी वाकलीय हो ती."

"चालेल. चार आठवडे टिकली म्हणजे झालं."

वाकलीय? पोरांच्या वह्यांचे गठ्ठे वाहून कोण वाकणार नाही? आणि चार आठवडे? हा संसार आहे की हिवाळी शिबिर?

तडक हॉलमध्ये घुसलो. तिथे सगळी मंडळी नाताळच्या कागदी चांदण्या चिकटवत होती. आशा, प्रीती, त्यांची आई, तो विल्सन. आंदर मावळातून हिरव्या डहाळ्या घेऊन आलेली सखूमावशी कोपऱ्यात चहा पीत होती. मागोमाग फादर आले. मी खुर्चीवरच चढलो.

"मुलगी म्हणजे काय वस्तू आहे? कोणीही उचलावी आणि कोणाच्याही हाती द्यावी? आशाला कोणी विचारलं?"

"मला काय विचारायचंय?" आशा म्हणाली. तिच्या बोटाला चांदणी चिकटली होती.

"बघा! तिला पत्ताच नाही!"

फादरांना वाटलं, मी रुसलोय. ते समजुतीने म्हणाले, "अरे, तू उतावळा. म्हणून तुझ्यासाठी प्रीती ठेवलीय. तीन आठवडे थांबायला शिकशील."

"मला प्रीती नको, फादर!" मी छातीवर हात मारून ओरडलो. "मला आशाच हवी! तीन वर्षं झाली!"

आशाच्या आईच्या हातातली गोंदाची बाटली तशीच उपडी. गोंद चपलेवर.

विल्सनने टेबलावरची एक जांभळी, जराशी वाकलेली मेणबत्ती उचलली. "अरे, ही आशा."

मग दिसलं. टेबलावर डहाळ्यांचं गोल कडं, त्यात चार रविवारच्या चार मेणबत्त्या. आशा, शांती, आनंद आणि शेवटची प्रीती. दर रविवारी एकेकाने एक लावायची. लहानपणापासून बघतोय हो मी! पण जळणाऱ्या माणसाला मेणबत्ती कुठली दिसायला?

"बरं झालं, मी नको म्हणालास!" प्रीती खिदळली.

"घे बाबा, तूच लाव," म्हणत विल्सनने मेणबत्ती माझ्या हातात कोंबली. तेव्हाही तो किती उमदा दिसला! त्याचाच मला जास्त राग आला.

आशाचे कान लाल. तरी माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तीन वर्षं तोंड शिवलं होतं का?"

मी दोन्ही हातांनी मेणबत्ती घट्ट धरून खुर्चीवर तसाच उभा.

सखूमावशीने कप खाली ठेवला. "दादा, लय वाट बगून गावलीया न्हवं आशा? मंग सरळ तरी धरा. वात खाली हाय."