दहाव्याला बोलणारे आमचे इवाई

अगं, सरक अशी जवळ. दारात उभं राहून "निघते, निघते" काय लावलंयस? माणसाच्या घरी यायचं आणि पायातल्या चपलासुद्धा काढायच्या नाहीत, ही कुठली रीत? बस खाली. तुला आमच्या इवायांचं सांगते. इवाई म्हणजे माझ्या लेकीचे सासरे, खुटबावचे. शिरूर आणि दौंड ह्या दोन तालुक्यांत असं एकही माणूस मेलं नसेल, ज्याच्याबद्दल ते चांगलं बोलले नाहीत.

आपल्याकडं दहाव्याला कसं असतं, ते तुला ठाऊक आहे. नदीच्या घाटावर मांडव, कावळ्याची वाट बघत बसलेली भावकी, बुवांचं प्रवचन आणि मग माइकवर श्रद्धांजलीची भाषणं. सोसायटीचे चेअरमन बोलतात, सरपंच बोलतात, ज्याला पुढचा दहावा गाठायचा असतो तो घड्याळ दाखवून आधी बोलून घेतो. आमच्या इवायांना, म्हणजे सगळ्यांच्या आप्पांना, ना पद, ना निवडणूक. निव्वळ हौस. सकाळी उठून मोबाइलवर आज कुणाचा दहावा आहे ते बघायचं, परीटघडीचे कपडे, टोपी, आणि मोटारसायकलला किक. पार कोरेगाव भीमापर्यंत जायचे. कावळ्याच्या आधी घाटावर हजर. आवाज असा, की पलीकडच्या काठाला धुणं धुणाऱ्या बायका पदर सावरून उभ्या राहायच्या. वाक्य ठरलेलं, "यांच्या जाण्यानं कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे." माझ्या ईनबाई, म्हणजे इवायांच्या मंडळी, भाकरी थापता थापता म्हणायच्या, "आवं, किती पोकळ्या करून ठेवताय? तालुक्यात पाय ठेवाया जागा न्हाई ऱ्हायली."

एकदा तर गंमतच झाली. एकाच घाटावर, एकाच सकाळी दोन दहावे. एका मांडवात जुना पैलवान, दुसऱ्यात एक म्हातारी. इवायांची गाडी पंक्चर झालेली, त्यामुळं उशीर. धावतपळत आले, दिसला तो माइक धरला आणि सुरू. "उभ्या आयुष्यात ज्यांची पाठ कुणाला मातीला लावता आली नाही, ज्यांचा नुसता शड्डू ऐकून समोरचा गार व्हायचा..." मांडव म्हातारीचा. म्हातारीचे लेक एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. सुनांनी मात्र डोळ्याला पदर लावून माना डोलावल्या. थोरली तर म्हणाली, "आप्पा अगदी खरं बोलले."

तर अशा माणसाच्या घरात ते दुखणं शिरलं. ईनबाईंच्या पोटात दुखायचं, त्या ओवा चावून दिवस काढत राहिल्या. शेवटी पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला माणूस. त्यानं इवायांना खोलीबाहेर घेऊन सांगितलं, आता इलाज नाही, घरी न्या, खावंसं वाटेल ते द्या. बाहेर घेऊन सांगितलं खरं, पण दार उघडंच राहिलेलं. गाडीत बसल्याबरोबर ईनबाई म्हणाल्या, "वाटंत भेळ घ्या. डाक्टरनं सांगितलंय न्हवं?"

मी शिरूरहून एसटीनं गेले आणि तिथंच राहिले. दिवाळी सरली होती, उसाला तुरे आले होते. अंगणात कडुनिंबाखाली ईनबाईंची खाट. दुपारचा वारा सुटला की सगळं शिवार पांढरं पांढरं हलायचं, आणि औषधाच्या गुंगीत ईनबाईंना वाटायचं, आपली खाटच चाललीय. "ताई, कड धरा बरं, पार पुलाच्या पुढं आलो आपुन," असं म्हणायच्या. मीही कड धरायचे. कधी पाण्यावरनं जायचो, कधी तुऱ्यांवरनं. कुठं उतरायची घाई होती आम्हाला!

इवायांनी दहाव्यांना जाणं बंद केलं होतं. तो शब्दच घरात काढायचा नाही, असा दंडक. पण ईनबाईच एका दुपारी म्हणाल्या, "आवं, माझ्या दहाव्याला काय बोलणार?"

"गप ऱ्हा. आसलं बोलू नी."

"आख्ख्या गावाला ऐकवणार आन् मलाच न्हाई व्हय? तुमी इतक्यांचं बोलला, त्यातलं एक तरी ऐकाया हुतं का? मला ऐकून जायचंय. उभं ऱ्हावा बघू."

इवाई उभे राहिले. टोपीशिवाय त्यांना बोलता यायचं नाही, म्हणून खुंटीवरची टोपी आणून घातली. खाकरले. "आदरणीय..."

"आदरणीय कोण?"

"माउलींच्या जाण्यानं..."

"मी हितंच हाय की."

"कधीही न भरून येणारी..."

"पोकळी नगं!"

झालं. इवायांनी टोपी काढून खुंटीला लावली. गोठ्यात जाऊन म्हशीपुढं वैरण टाकायला लागले, आधीच टाकलेल्या वैरणीवर. रोज दुपारी हेच. ईनबाईंचा आवाज खोल खोल चाललेला, आणि हे रोज गोठ्यात. म्हैस तेवढी फुगत चालली. माझ्या जिवाला घोर, की ह्या बाईची एवढीशी मागणी राहून जाणार. शेवटी मी गोठ्यात जाऊन बोललेच, "आप्पा, परक्यांसाठी घसा कोरडा केलात. तिचा जीव तुमच्या तोंडाकडं लागलाय आणि तुम्ही म्हशीचं तोंड बघत बसलाय."

त्या दुपारी ते टोपी न घालताच आले. खाटेच्या कडेला बसले. उसाकडं बघत, मला सांगितल्यासारखं हळूच म्हणाले, "ताई, लग्न नवं हुतं तवा आमी दोघं उसाचं पाचट काढाया जायचो. घरात हिचं नाव घ्यायची चोरी, आई असायची. उसात मोकळं. मी नावानं हाक मारायचो, तर ही ओ द्यायची न्हाई. मी आपला सरीसरीनं पळतोय, पाती लागून हात चरचरत्यात, वाटायचं गेली कुठं ही? आन् ही बया शेजारच्याच सरीत बसून हसायची."

ईनबाईंनी डोळे न उघडता विचारलं, "मग?"

"मग काय? का ओ देत न्हवतीस?"

"ओ दिली आसती, तर पुन्यांदा हाक मारली आसती का तुमी?"

मग इवायांनी नाव घेतलं. ते नाव मी तुला नाही सांगायची, ते त्यांचं त्यांच्यापाशी असू दे. दोन तालुके हलवणारा तो आवाज, पण मला खाटेच्या पलीकडं कसाबसा ऐकू आला. तुऱ्यांवरनं वारा आला, गेला. त्यांनी परत नाव घेतलं. ईनबाई ओ देत नव्हत्या. गालातल्या गालात हसत पडून होत्या.

थोड्याच दिवसांत त्या गेल्या. दहाव्याला घाटावर माणूस मावेना. ज्यांच्या ज्यांच्या घरच्यांसाठी इवाई बोलले होते, ते सगळे आले होते. चेअरमन बोलले, सरपंच बोलले. शेवटी माइक इवायांकडं आला, आणि सगळा घाट कान देऊन बसला. इवायांनी माइक बाजूला सारला, हात जोडले. म्हणाले, "माझं बोलून झालंय. तिनं ऐकलंय." आणि खाली बसले.

त्यांची खोड मोडली असं मात्र समजू नकोस. आता ते जित्या माणसांकडं जातात. माझा पुतण्या रांजणगावला कंपनीत आहे, चांगला धट्टाकट्टा. त्याला सकाळी कंपनीच्या बसच्या थांब्यावर गाठून म्हणाले, "तुझ्यासारखा गुणी पोरगा म्या बघितला न्हाई." पोरगं इतकं घाबरलं, की शिफ्ट सोडून रक्त तपासायला गेलं! परवा माझ्याकडं आले. चहाचा घोट घेऊन म्हणाले, "ताई, तुमच्यामुळं तेवढं जमलं बघा मला." मी म्हटलं, "का हो, माझं काय कळलंय का तुम्हाला कुणाकडनं?" खूप हसले. पण निघताना रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, त्या सगळ्या जाईपर्यंत गाडीला किक न मारता उभे राहिले. मीही हाक मारली नाही.

जा आता, तुझी एसटी चुकेल. पण लवकर ये गं परत. आणि माझ्याबद्दल काही चांगलं बोलायचं असलं, तर ते घाटासाठी ठेवू नकोस. इथं बसून, चहा पिता पिता बोल. मी अजिबात लाजायची नाही.