ही एकटीच काहून मेली?

प्लेटचं झाकण उचलण्याआधी ते काचेवर नखाने दोनदा टकटक करायचे आणि आतल्या बुरशीला विचारायचे, "आहेस का वं घरी?" विद्यार्थी हसायचे. ते म्हणायचे, "कोणाच्याही घरात सांगून जावं लागते."

कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते, मी विभागप्रमुख. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. बटाटे उकडून बुरशीचं खाद्य तेच बनवायचे, काचेची भांडी तेच धुवायचे. खाद्य तयार झालं की दारातून सांगायचे, "सर, पाहुण्याइचा सैपाक झाला."

माणसाच्या फुप्फुसात वाढणाऱ्या एका बुरशीवर आमचं काम चाललं होतं. तिच्या प्रत्येक पेशीभोवती टणक भिंत असते आणि ती बांधण्याचं काम काही जनुकं करतात. त्यांतलं एक आम्ही बंद केलं होतं. तरी ती बुरशी मजेत वाढत होती. हे जनुक बिनकामाचं, असं मी धरून चाललो होतो.

मे महिन्यातल्या एका रविवारी वीज गेली. ते सुटी असूनही वाडीच्या घरून सायकलने आले, प्लेटा ठेवलेल्या थंड कपाटावर गारव्यासाठी ओली पोती टाकत दिवसभर बसले. सोमवारी बघतो तर आमची ती बुरशी मेलेली. मी हयगयीचा मेमो लिहायला घेतला.

"मेमो द्या सर. पण बाकीच्या साऱ्या गरमीत जगल्या. ही एकटीच काहून मेली?"

"तुम्ही आता शास्त्रज्ञ झालात का?"

"नाही सर. विचारून राहिलो फक्त."

त्या प्रश्नाने मला झोपू दिलं नाही. थंड साठ्यातली तीच बुरशी पुन्हा वाढवून मी मुद्दाम शरीराइतक्या उष्णतेत ठेवली. तिच्या पेशी फुटल्या. ते जनुक नसेल तर भिंत त्या उष्णतेत टिकत नाही, म्हणजे बुरशी माणसाच्या अंगात जगूच शकत नाही. शोधनिबंध माझ्या नावाने छापला गेला. सत्कार झाला. खुर्च्या त्यांनीच मांडल्या.

निबंधात त्यांचं नाव कुठेच नव्हतं. मेमोही मी मागे घेतला नाही. घेतला असता तर त्या रविवारी काय झालं, ते सांगावं लागलं असतं. त्या मेमोमुळे तंत्रज्ञाची जागा दोनदा त्यांच्या हातून गेली. ते परिचर म्हणूनच निवृत्त झाले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. नमस्कार तेवढा करत राहिले.

यंदाच्या उन्हाळ्यात मी पत्र लिहिलं. हयगय त्यांची नव्हती, आणि ज्या प्रश्नातून शोध लागला तो त्यांचा होता. एक प्रत कॉलेजला दिली, दुसरी घेऊन वाडीला गेलो. दार त्यांच्या पत्नीने उघडलं.

"ते जाऊन चार महिने झाले, सर."

मी तरीही पत्र वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"ते म्हनत, सरले सारं माहीत हाय. येतील एखाद दिवशी."

मग त्या पाणी आणायला उठल्या. कोपऱ्यातल्या माठाला गुंडाळलेलं पोतं कोरडं ठणठणीत झालं होतं. माझी नजर तिकडे गेलेली पाहून त्या म्हणाल्या, "हे ओलं कराचं काम त्याइचं होतं. मले ध्यानातच राहत नाही."