चाळिशीला दोन महिने कमी

"जन्मतारीख काय तुमची?" नव्या माणसाला नाव विचारायच्या आधी ते हे विचारायचे. मग डोळे बारीक करून बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजायचे आणि त्याची बढती कधी, निवृत्ती कधी, हे सांगून मोकळे व्हायचे. परळच्या आमच्या सरकारी कार्यालयात आस्थापना शाखा त्यांच्याकडे होती. अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. सगळ्यांचं सर्व्हिस बुक त्यांना पाठ असतं आणि स्वतःबद्दल विचारलं की ती चहा मागवतात.

राहायला ते लालबागला, चाळीत. मूळ गाव देवगडकडे, वडील गिरणीत. घरातले हे पहिले ऑफिसर, वर्ग दोनचे.

एकदा वडाळ्याहून त्यांचे मावसभाऊ आले. बांधकामाचा धंदा, दाराशी दोन गाड्या. मुलाला ओबीसीतून प्रवेश हवा होता, म्हणून उत्पन्न कमी दाखवून नॉन-क्रिमी लेयरचा दाखला काढायचा होता.

"तुझी वळख आसा थंय. जरा सांग मरे."

यांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "तू वर चढलंस ना? मगे शिडी सोड. खाली माणसां उभी आसत."

मावसभाऊ वर्षभर बोलले नाहीत.

पुढे यांचीच बढती आली, वर्ग एकची. शाखेत पेढे आणायचं ठरलं आणि दुपारी कळलं, की यांनी लेखी नकार दिलाय. कौटुंबिक कारणास्तव. बदली टाळली असेल, बायको आजारी असेल, ज्याने त्याने आपापला तर्क लढवला. मला त्यांनी खालच्या टपरीवर खरं कारण सांगितलं.

"चाळिशीला दोन महिने नऊ दिवस कमी पडतायत हो."

नियम असा, की वर्ग दोनमधला बाप चाळिशीपर्यंत वर्ग एक झाला, तर त्याची मुलं क्रिमी लेयरमध्ये जातात आणि आरक्षण बंद होतं. चाळिशी उलटल्यावर झाला, तर मुलांचा दाखला शाबूत. थेट वर्ग एकला लागलेल्यांच्या मुलांना मात्र तो मिळतच नाही. त्यांची एकुलती मुलगी तेव्हा पाचवीत होती.

"मग ऑर्डर घ्या आणि हजर व्हा दोन महिन्यांनी," मी म्हणालो.

"महिन्याच्या आत हजर व्हावं लागतं. सगळ्यांना ते पत्र मीच काढतो ना."

"पण नकार नियमात बसतो ना? झालं तर."

"बसतो हो. पण मावसभावाला मोठ्या तोंडाने बोललो होतो." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "माझी एकच पिढी झालीय. तिचं होऊ दे, मग सोडू आम्ही. घरी बोलू नका."

नकार दिला की पुढची काही वर्षं नाव यादीत येत नाही. नंतर ती यादीच कोर्टात अडकली. ते वर्ग दोनमध्येच निवृत्त झाले. त्यांनी सोडलेली जागा मला मिळाली होती. मी शाखेत शिरलो की ते उठून उभे राहायचे. "बसा हो," म्हटलं की म्हणायचे, "खुर्चीला उठतो, तुम्हाला नाही." मला दर वेळी ओशाळल्यासारखं व्हायचं. मी बढती नाकारली नव्हती, हेही खरंच.

गेल्या महिन्यात ते वारले. भेटायला गेलो तर मुलगीच चहा घेऊन आली. ती आता अधिकारी आहे, थेट वर्ग एकची. त्याच दाखल्यावर लागली.

"काका, बाबा एवढे हुशार, मग पुढे का नाही गेले हो? मी चिडवायचे त्यांना, ऑफिसात झोपता म्हणून."

भिंतीवरच्या फोटोत ते डोळे बारीक करून बघत होते. मी सगळं सांगून टाकलं. दोन महिने नऊ दिवसांसकट.

तिने फोटोकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, "माझी निवड झाली तेव्हा नातीला कडेवर घेऊन नाचले होते. तुला आता दाखला नाही हां, म्हणत होते. मला वाटलं, थट्टा करतायत."

माझ्या हातातला चहा निवला होता.

"बसा ना काका," ती म्हणाली. तेव्हा लक्षात आलं, ती आत आल्यापासून मी उभाच होतो.